घाट उतरण्यापूर्वी

पाठ टेकून बसा. हातातलं काम बाजूला ठेवा. आज एका जुन्या ट्रकच्या ब्रेकवर मन लावायचं आहे. घाई नको. ज्याचं कामच थांबवणं आहे, त्याच्याकडे थांबल्याशिवाय पाहता येत नाही.

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलडाणा आहे. खाली पूर्णेचं खोरं पसरलंय, तिथे मोताळा, नांदुरा, मलकापूर. मधे राजूर घाट. चिखलीकडून सोयाबीनची पोती भरून आलेला जुना टाटा १२१० घाटाच्या तोंडाशी उभा आहे असं समजा. टाटांची टेल्को आणि डेमलर-बेंझ यांच्यात १९५४ साली करार झाला, त्यातून आलेल्या ट्रकांच्या घराण्यातला हा. मालासकट वजन साधारण १२ टन.

त्या वजनावर जरा रेंगाळा. चढताना इंजिनाने जे उचललं, त्याचा हिशेब उतरताना चुकवावा लागतो. १२ टनांची गाडी १०० मीटर खाली आली आणि सगळा भार ब्रेकनेच पेलला, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर पस्तीसेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता चाकांच्या आतल्या ओतीव लोखंडी ड्रममध्ये साठते. आपणही स्वतःला आवरतो तेव्हा आत काहीतरी तापतं. कुठे तापतं? छातीत, जबड्यात, कपाळावर? उत्तर शोधू नका. नुसतं तिथे लक्ष न्या.

ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि त्याला आतून घासून धरणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरची पकडही उष्णतेने सैल होते. पाय पूर्वीइतकाच दाबलेला असतो, गाडी मात्र पुढे जात राहते. अशा वेळी जोर वाढवून भागत नाही, कारण कमतरता जोराची नसतेच. म्हणून काम घाटाच्या वर, गाडी थंड असताना करायचं.

आता मनातच गाडी सपाटीवर घ्या. चाकांना दगड लावा. जॅक चढवा, चाक काढा, ड्रम ओढून बाहेर घ्या. आत काळी धूळ दिसेल. तिला हवेचा झोत मारू नका, फुंकरही नको. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात बसलं की निघत नाही. धूळ ओली करून पुसून घ्या. इथे श्वास सावकाश सोडा.

लायनरवरून नजर फिरवा. रिव्हेटची डोकी वर आली असतील तर ती ड्रमला ओरखडतात. लायनर आरशासारखा चकचकीत झाला असेल तर त्याची पकड गेली. हबचा सील गळून त्यावर ग्रीस उतरलं असेल, तर नुसतं पुसून चालत नाही; सील बदला, लायनरही बदला. ड्रमला चर पडले असतील तर लेथवर घासून घ्या, मर्यादेपलीकडे झिजला असेल तर नवा टाका. आणि एका बाजूचा लायनर बदलला तर त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूचाही बदला. एकच बाजू घट्ट धरते तेव्हा गाडी त्या बाजूला ओढली जाते. आपणही एका गोष्टीत कडक आणि दुसरीत सैल असतो. कुठे, ते आठवून पाहा.

आता ब्रेक चालवणाऱ्या हवेकडे वळा. १८६९ साली जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी आगगाडीसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या रचनेत हवा आली की ब्रेक लागायचा. नळी फुटली की ब्रेकच नाही. पुढे त्यांनी क्रम उलटा केला: हवा गेली की ब्रेक आपोआप लागावा. ट्रकच्या स्प्रिंग ब्रेकमध्येही हाच विचार आहे. स्प्रिंग सतत ब्रेक लावायलाच बघते, हवा तिला मागे रेटून धरते. हवा संपली की गाडी जागीच धरली जाते. शक्ती संपते तेव्हा आपण काय करतो? थांबतो, की उतारावर घरंगळत जातो? या प्रश्नापाशी दोन-चार श्वास राहा.

हवेच्या टाकीत पाणी साचतं, पावसाळ्यात जास्तच. रोज खालचा कॉक उघडून ते सोडायचं. दोन मिनिटांचं काम, कुणाला दिसतही नाही. पण ते टळलं की नळ्या आतून गंजतात आणि व्हॉल्व्ह अडकतात.

आता उतरा. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये. इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेकला मधूनमधून विसावा द्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचा मोह होईल. तो येऊ द्या, जाऊ द्या. वेग ताशी २० चा ४० झाला तर थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून वेग वाढण्याआधीच आवरायचा.

डोळे उघडा. दारात ट्रक, टेम्पो किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, तर पुढच्या फेरीआधी मिस्त्रीकडून चाक उघडून घ्या आणि लायनर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. रिव्हेट दिसत असतील तर माल कितीही तातडीचा असो, गाडी घाटात घालू नका.