मूल कोणाच्या स्वाधीन करावे?

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचा हंगाम लागतो, आणि नेवासे तालुक्यात भेंडे व सोनई येथील साखर कारखान्यांच्या आसपास तोडणीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोच्या जोडीस मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो. ती जोडी पहाटेच फडात जाते. मागे कोपीत तान्हे राहते, आणि पुष्कळदा त्यास सांभाळावयास आठनऊ वर्षांची थोरली बहीण. पण परक्यांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. खुरपणीच्या व कापूसवेचणीच्या दिवसांत आपल्याही कित्येक घरांत हीच रीत आहे.

आईबापांनी आपले मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करावे की करू नये, असा प्रश्न आम्हांस विचारण्यात येतो. काही वडील मंडळी म्हणतात, आईने घरीच राहावे. ज्यांच्या कणगीत दाणे आहेत त्यांनीच हे म्हणावे. जिच्या मजुरीवाचून चूल पेटत नाही, तिला हा उपदेश काय कामाचा? आमच्या मते मूल सोपविण्यात दोष नाही. ते कोणावर व कोणत्या रीतीने सोपवितो ह्याचा विचार न करण्यात आहे.

एके काळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यास अफूची बाळगोळी देऊन निजवीत. त्या निर्दय नव्हत्या. मूल ठेवावयास त्यांना जागा नव्हती. पुढे 1948 च्या फॅक्टरी कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे पाळणाघर ठेवणे मालकांस भाग पाडले. शेताच्या बांधावर मात्र तो कायदा पोचला नाही.

मोशे तान्हा असता त्याची बहीण नदीकाठी दूर उभी राहून त्याजवर नजर ठेवीत होती, ही गोष्ट सांगून पुष्कळजण मुलींच्या राखणीची थोरवी गातात. पण त्यांनी थोडे पुढे वाचावे. त्या मुलीने पोरीच्या वयास झेपेल तेवढेच केले: पाहिले, आणि वेळ येताच मोठ्या माणसास बोलावून आणले. बाळ आईच्या हाती गेले, आणि त्यास पाजण्याबद्दल फारोच्या कन्येने वेतन कबूल केले. परक्या राजकन्येस जे सुचले ते आपणांस सुचू नये काय?

2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही हाच विचार होता. कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर पाच किंवा अधिक लहान मुले असतील, तर त्यांतील एका बाईस मुले सांभाळण्यास नेमावे व तिला मजुरी द्यावी, असे त्यात ठरले होते. म्हणजे मूल सांभाळणे हेही काम होय. थोरली मुलगी फुकट सांभाळते असे आपण म्हणतो, पण तिची शाळा बुडते ती कोणाच्या हिशेबात धरावी? सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2010 साली अमलात आला. तान्हे कडेवर असता तो हक्क तिने कसा बजवावा?

ताराबाई मोडक ह्यांनी 1945 साली बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ ह्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटे पाळण्यात राहिले की थोरली वर्गात बसू शकते! आज गावोगाव अंगणवाडी आहे, परंतु तीन वर्षांखालील मुलांस ती दिवसभर ठेवून घेत नाही, आणि तिची वेळ शेतकामाच्या वेळेशी जुळत नाही. अडचण नेमकी येथेच आहे.

तेव्हा सांभाळणारी वयाने व समजेने पोक्त असावी. नात्याची असो वा नसो, राग आला असता तिचा हात कोठे जातो हे आधी पाहावे. आईने पहिले दोन दिवस तरी तिच्यासोबत बसावे. मूल काय खाते, कशाने निजते, कशास भिते, हे सांगावे. विहीर, चूल व फवारणीच्या औषधाचा डबा हे दाखवून द्यावे. आपण कोणाच्या शेतात आहो, हेही रोज सांगून जावे. आणि कधी तरी न सांगता मधल्या वेळी परत येऊन पाहावे. ह्यात अविश्वास नाही.

पाच घरांनी मिळून गावातील एखाद्या मावशीस नेमिले तर प्रत्येकीवर फार ओझे पडत नाही. पैसा नसेल तर धान्य द्यावे. 'घरचीच आहे, तिला काय द्यावयाचे?' असे कोणी म्हटल्यास, त्या दिवशी ती खुरपणीस गेली असती तर तिच्या पदरात काय पडले असते, एवढे त्यास विचारावे.