नेत्रदान : देहाच्या अखेरीस घडणारे पुण्य

पंचवटीतील रामकुंडावर वर्षाचे बाराही महिने अस्थिविसर्जनासाठी भाविक येतात. येथे विसर्जित केलेल्या अस्थी गोदामाईच्या जलात विलीन होतात, अशी परंपरागत श्रद्धा आहे. प्रभू रामचंद्रांनी पिता दशरथ महाराजांचे श्राद्ध याच तीर्थावर केले, असे सांगितले जाते. पितरांचे ऋण फेडावे, या भावनेनेच प्रत्येक पुत्र आणि कन्या या घाटाच्या पायऱ्या उतरते.

दशरथ महाराजांच्या चरित्रातच श्रावणबाळाची कथा गुंफलेली आहे. अंध मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रा घडविणारा तो पुत्र म्हणजेच त्यांची दृष्टी होती. तो गेला आणि त्या वृद्धांची वाटच संपली. आज कुणा अंधाची कावड खांद्यावर घेणे प्रत्येकाला शक्य नाही. परंतु आपल्यामागे आपली दृष्टी त्याच्यासाठी ठेवून जाणे शक्य आहे. यालाच नेत्रदान म्हणतात.

डोळ्याच्या बुबुळावर काचेसारखे स्वच्छ पटल असते. त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. इजा, जंतुसंसर्ग, चुना किंवा रसायन डोळ्यात जाणे, लहानपणी ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे हे पटल पांढरे होते आणि प्रकाश आत शिरत नाही. अशा रुग्णाला मृत व्यक्तीचे निरोगी पटल बसविल्यास पुन्हा दिसू शकते. डोळ्याचा मागील पडदा किंवा दृष्टीची नस निकामी झाली असेल, तर मात्र या शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही. ७ डिसेंबर १९०५ रोजी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी युरोपातील ओलोमोऊत गावी, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रास येथे स्थापन झाली. महाराष्ट्रात १० जून हा दिवस नेत्रशल्यचिकित्सक डॉ. रामचंद्र भालचंद्र यांच्या स्मरणार्थ दृष्टिदान दिन म्हणून पाळला जातो.

तरीही अनेक घरांत एक शंका मनाला अडविते. डोळे काढले तर मृतात्म्याला गती मिळेल काय? पुढील जन्म अंधत्वाचा तर येणार नाही ना? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्यविधीच्या सूक्तात मृताचा नेत्र सूर्याकडे जावो, अशी प्रार्थना आहे. म्हणजे डोळा ही सूर्याची ठेव आहे. जो नेत्र चितेवर भस्म होणार, तो एखाद्या अंधाला सूर्यदर्शन घडवीत असेल, तर ती ठेव परत केल्यासारखीच नव्हे काय? देह हे जीर्ण वस्त्र आहे, असे गीता सांगते. दधीची ऋषींनी लोककल्याणासाठी आपल्या अस्थी दिल्या. त्यांना अधोगती मिळाली, असे कोणतेही पुराण म्हणत नाही. सीतामाईसाठी देह वेचणाऱ्या जटायूचे स्थान नाशिक जिल्ह्यातच, सर्वतीर्थ टाकेद येथे दाखविले जाते. पंख तुटलेल्या त्या पक्ष्याचे अंत्यसंस्कार स्वतः प्रभूंनी केले. परोपकारात खर्ची पडलेला देह अपूर्ण राहत नाही.

मात्र या दानाला मुहूर्त अत्यंत थोडा असतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात. अस्थिकलश घेऊन कुटुंब रामकुंडावर पोहोचते, तेव्हा ती घटिका केव्हाच टळून गेलेली असते. म्हणून हा निर्णय जिवंतपणीच घरात बोलून ठेवावा. संकल्पपत्र भरले तरी नातेवाइकांना ते ठाऊक नसेल, तर निष्फळ ठरते. आणि संकल्पपत्र नसले तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात.

घरात मृत्यू झाल्यास नेत्रपेढीला किंवा शासकीय रुग्णालयाला त्वरित कळवावे. पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. पथक घरी येऊन सुमारे वीस मिनिटांत कार्य पूर्ण करते. चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यदर्शनात बाधा येत नाही. वयाची अडचण नाही. चष्मा, मधुमेह, रक्तदाब किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही बहुधा नेत्रदान करता येते. रेबीज, एड्स, कावीळ ब व क यांसारख्या आजारांत मात्र ते स्वीकारले जात नाही. या दानाचे मोल घेतले जात नाही आणि दृष्टी कोणाला मिळाली, हे गुप्त राहते. गुप्तदानाचे यापरते उदाहरण कोणते?

एका व्यक्तीच्या नेत्रदानाने दोघांच्या डोळ्यांपुढील अंधार दूर होऊ शकतो. उद्या कोणी अनोळखी यात्रेकरू काळारामाच्या गाभाऱ्यापुढे उभा राहून आयुष्यात प्रथमच ती श्यामल मूर्ती पाहील. ते दर्शन दात्याच्या नेत्रांनीही घडलेले असेल. गोदास्नान करून घरी परतणाऱ्या प्रत्येक भाविकाने प्रसादासोबत हा संकल्पही घरी न्यावा आणि आप्तेष्टांसमोर उच्चारावा.

॥ शुभं भवतु ॥