घटलेला आकडा, वाढलेला आकडा

(निवृत्त फौजदार काका आणि जिल्ह्याच्या बातम्या लिहिणारी त्यांची पुतणी.)

पुतणी : काका, दोन ठाणी, हद्दीला हद्द लागून. एकाचे गुन्हे वाढलेत, दुसऱ्याचे घटलेत. पहिल्याकडे गुन्हेगारी वाढली, असंच लिहू ना?

काका : आधी तिथे अधिकारी कोण आलाय ते बघ. आलेल्या प्रत्येकाची फिर्याद घेणारा असेल तर आकडा चढणारच. दुसरीकडे चोरीला गेलेल्या मोबाईलचा ‘गहाळ’ दाखला देत असतील, मारहाणीची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून बोळवण करत असतील.

पुतणी : दखलपात्र गुन्हा कळला की एफआयआर घ्यायलाच हवा. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितलंय.

काका : सांगितलंय. पण क्राइम मीटिंगला साहेब विचारतात, ‘गेल्या वर्षीपेक्षा वाढ का?’ किती जणांना परत पाठवलं, हे कोणी विचारत नाही. त्यांचं रजिस्टरच नसतं.

पुतणी : मग सगळीच आकडेवारी रद्दी?

काका : नाही गं. प्रेत दडवणं सोपं नसतं, म्हणून खुनाचा आकडा बराचसा खरा. घरातली मारहाण मात्र ठाण्यापर्यंत येतच नाही.

पुतणी : हो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी मदत मागितली होती. तीही बहुतेकींनी माहेरी नाहीतर सासरी.

काका : उद्या त्या ठाण्यात यायला लागल्या, की तुझ्या बातमीत जिल्हा बिघडला!

पुतणी : आणि खरंच हल्ले वाढले असतील तर? प्रत्येक अधिकारी म्हणेल, ‘आम्ही नोंदी चोख ठेवतो.’ तुमचंच म्हणणं ते ढालीसारखं पुढे धरतील.

काका : धरतील. म्हणून पोलिसांना वगळूनही मोजायला हवं. इंग्लंड-वेल्समध्ये दरवर्षी लोकांनाच विचारतात, तुमच्यावर काय गुदरलं. शिवाय २०१४ च्या तपासणीत तिथे कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच नव्हते, असं निघालं. आपल्याकडे देशभर अशी वार्षिक पाहणी नाही.

पुतणी : ती होईपर्यंत मी थांबू शकत नाही.

काका : थांबू नकोस. घटलेल्या ठाण्याकडे माहितीच्या अधिकारात गहाळ दाखले आणि एनसी किती, ते माग.

पुतणी : आणि वाढलेल्या?

काका : तिथले खून बघ, सरकारी दवाखान्यातल्या एमएलसी, म्हणजे मारहाणीसारख्या जखमांच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदी, बघ. त्याही वाढल्या असतील, तर माझ्या बोलण्यावर त्या अधिकाऱ्याला सूट देऊ नकोस.