विचारण्याचे मोल

दुकानात शिरून साडीचा भाव विचारला तर आपल्याकडे कोणी पैसे मागत नाही. विद्येच्या पेठेतला रिवाज मात्र निराळा आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी ‘मला घ्याल का?’ एवढे विचारायलाच बहुधा ७५ ते १२५ डॉलर पडतात, आणि उत्तर ‘नाही’ असे आले तरी ते परत मिळत नाहीत. माझी भाची सध्या असे आठ ठिकाणी विचारीत आहे. त्याआधी जी. आर. ई. नावाची परीक्षा, तिची फी २०,००० रुपयांच्या वर. अलीकडे कित्येक विभागांनी ती ऐच्छिक केली आहे, पण ऐच्छिक म्हटले की आपली माणसे अधिकच घाबरतात! इंग्रजीची परीक्षा आणखी वेगळी. तिचे गुण दोनच वर्षे चालतात. जणू पुढे माणसाचे इंग्रजी नासते.

तथापि पैशांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. अर्ज वाचायला माणसे लागतात, आणि दार सताड उघडे टाकले तर गर्दी होणारच. मला खुपते ते दुसरेच. अर्जासोबत ‘मी कोण, आणि हे मला का शिकायचे आहे’ हे सांगणारे एक निवेदन द्यावे लागते. भाचीने ते आपल्या हाताने लिहिले. दुसऱ्या वर्षी गणितात नापास झाले आणि पुन्हा अभ्यास करताना त्याच विषयाची गोडी लागली, असे त्यात एक वाक्य होते. पैसे घेऊन मार्गदर्शन करणाऱ्या सल्लागाराने नेमके तेच खोडले, आणि तिथे बालपणापासूनची ध्येयनिष्ठा घातली. शिफारसपत्रे तीन हवीत. एक प्राध्यापक म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” बावीस वर्षांची मुलगी रात्री जागून दुसऱ्याच्या नावाने स्वतःची स्तुती लिहीत बसली. हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?

वाचक म्हणतील, जगाची रीतच ही. सगळेच रंग लावून उभे असताना एकटीनेच का उघडे पडावे? खरे सांगणारा मागे पडेल ही भीती खोटी नाही, आणि त्या भीतीपोटी केलेल्या रंगरंगोटीला मी पाप म्हणणार नाही. पण शिकायला जायचे ते ‘मला हे येत नाही’ असे म्हणतच ना? ते दारातच गिळायला लावले, तर आत गेल्यावर तोंडातून निघेल कसे?

आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या, तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात, प्रवेशपरीक्षेच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नाही, हे त्यांनी सरळ सांगितले होते. महाविद्यालयाने त्यांना घेतले. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळी अशी पत्रे लिहिणाऱ्या मुली मूठभर होत्या, हेही खरेच.

भाचीने ते खोडलेले वाक्य परत घातले आहे. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरात संपते. सल्लागाराला तिने अजून दाखविलेले नाही. आमच्या मेहुण्यांचे म्हणणे, त्याचा शेवटचा हप्ता चुकता झाला आहे, आता दाखवायचे कशाला?