संगणक नेमका कोणाला हवा आहे?

घरात नवा संगणक घ्यायचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, ‘मुलांच्या शिक्षणासाठी आता लागणारच.’ ह्यांनी लगेच होकार दिला, सासूबाईंनीही. शिक्षणाचं नाव घेतलं की आमच्याकडे खर्चाच्या आड कोणी येत नाही. एखादा दागिना मोडतील, पण मुलांच्या पुस्तकांना नाही म्हणणार नाहीत. शिकूनच वर यायचं, हे कोकणातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मनाशी धरलेलं आहे. त्यामुळे ते वाक्य बिनबोभाट मान्य झालं. मला मात्र ते टोचत राहिलं, कारण ते पूर्ण खरं नव्हतं.

मुलगा बारावीला आहे. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावरच होते, तेव्हा सराव परीक्षा मोठ्या पडद्यावर, हातात माऊस घेऊन द्यायला हव्यात, हे खरं. पण तेवढ्यासाठी कुठलाही चालू संगणक पुरतो. मुलगी नववीत, तिचं बरंचसं काम वहीत आणि थोडं फोनवर. आमच्या संगणकासमोर सगळ्यांत जास्त वेळ मी बसते. बचत गटाचे हिशोब माझ्याकडे आहेत. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी, पत्ते, आलेले आणि राहिलेले पैसे मीच मांडते. आणि सगळं आवरल्यावर रात्री लिहायला बसते. नवा संगणक मला हवा होता. मग ‘मला हवाय’ एवढं म्हणायला जीभ का अडखळली?

साडी मागता येते. मिक्सर मागायला तर संकोचच नसतो, कारण तो घराचा असतो. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू स्वतःच्या कामासाठी मागितली, की ‘कशाला?’ असा प्रश्न येईल, अशी भीती वाटली. खरं पाहिलं तर तो प्रश्न घरातल्या कोणी विचारलाच नव्हता. मीच तो स्वतःला विचारला आणि उत्तर देण्याऐवजी मुलांना पुढे केलं. घरच्यांनी समजून घेतलं नाही असं म्हणायचा मला अधिकार नाही. त्यांना खरं सांगून मी पाहिलंच नव्हतं.

मुलांना असं पुढे करणं केवळ माझ्या मनापुरतं राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्याने निवडच बदलते. मुलाच्या नावाने घ्यायचा म्हटला की लॅपटॉपच घेतला जातो. मग बारावी झाली, पुण्याला किंवा मुंबईला प्रवेश मिळाला, की लॅपटॉप बॅगेत जातो आणि घरातलं टेबल रिकामं होतं. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत हे झालं आहे. आईवडील पुन्हा सातबाऱ्याचा उतारा काढायला सायबर कॅफेत, नाहीतर शेजारच्या मुलाकडे. त्या मुलाचं नेणं चूक नाही, तो त्याच्यासाठीच घेतलेला असतो. घरात मागे राहणाऱ्या माणसाची गरज त्या खरेदीत कोणी मोजलेली नसते, एवढंच.

शिक्षणाच्या नावाने आणखी एक होतं. दुकानात ‘मुलगा सायन्सला आहे’ म्हटलं, की प्रोसेसरचा आकडा वर सरकायला लागतो आणि आपणही मान डोलावतो, मुलासाठी कमी कसं करायचं म्हणून. मी कागद घेऊन लिहून काढलं: हिशोबाच्या शीट, मराठी लेखन, व्हिडिओवरचं व्याख्यान, सरकारी अर्ज, फोटो. ह्यातल्या एकाही कामाला आय-सेव्हन लागत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड तर नाहीच. आय-थ्री किंवा रायझन-थ्री पुरतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी, कारण रोजचा फरक तिथेच जाणवतो. रॅम ८ जीबीने सुरुवात करता येते, पण पुढे वाढवायला दुसरा स्लॉट मोकळा आहे का हे आधी बघायचं. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी भागवण्याकडे चिप बनवणाऱ्या कंपन्या वळल्या आणि त्याची झळ इथल्या दुकानापर्यंत आली. म्हणून जमत असेल तर १६ जीबी आताच घ्यावी असंही वाटतं. उरलेले पैसे पडद्यावर आणि कीबोर्डवर घालायचे. मी इनस्क्रिप्टने टाइप करते. बोटांना रोज जो लागतो, तो कीबोर्ड दुकानातला सगळ्यांत स्वस्त का असावा?

पण हे सगळं मी रत्नागिरीत बसून लिहिते आहे, आणि इथे यंत्र निवडताना आधी हवेचा विचार करावा लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, समुद्रावरून येणारी खारी हवा, आणि जूनपासून विजेचा लपंडाव. खाऱ्या दमट हवेने आतले तांब्याचे संपर्क काळवंडतात. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेला संगणक बिघडतो, रोज थोडा वेळ चालवलेला टिकतो, कारण आतल्या उबेने ओल सुकते. मागच्या जाळीतून मुंग्या शिरतात. पाल पॉवर सप्लायमध्ये जाऊन मरते आणि बोर्डही घेऊन जाते. आणि अर्थिंग! जांभा दगड विजेला सहज वाट देत नाही, मे महिन्यात तर तो कोरडा ठणठणीत असतो. अर्थिंगचा खड्डा खोल घेऊन, कोळसा आणि मीठ भरून, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला हवं. संगणकाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, घराचा असतो. नवीन खरेदीआधी वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ ह्यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्यावं. ते दोन-तीन व्होल्टच्या पुढे असेल तर आधी खड्डा, मग संगणक.

लॅपटॉपला बॅटरी असते, ही इथली मोठी सोय. वीज गेली तरी लिहिलेलं जात नाही. डेस्कटॉपला यूपीएस लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, त्यात काम जतन करून बंद करायचं. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, ते पैसे धरूनच किंमत ठरवायची. उलट डेस्कटॉपचा एखादा भाग गेला तर मारुती मंदिरच्या आसपास तेवढा भाग मिळतो. वॉरंटीतल्या काही लॅपटॉपना दुरुस्तीसाठी अंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. कंपनीचा माणूस घरी येणार की यंत्र आपण पोचवायचं, हे बिलावर लिहून घ्यावं.

२२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं भिजली, दुकानांतले आणि घरांतले संगणक चिखलात गेले. त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. म्हणून संगणकाच्या पैशातच एक बाहेरची डिस्क धरायची, आणि तिची प्रत दुसऱ्या गावात राहणाऱ्या बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवायची.

शेवटी एका रात्री मी ह्यांना सरळ सांगितलं, की हा संगणक मला हवा आहे, मुलांना तो वापरता येईल, पण घेणार आहोत तो माझ्या कामासाठी. ते थोडं थांबून म्हणाले, ‘मग डेस्कटॉप घे. आणि टेबल खिडकीपासून लांब ठेवू, पावसाची झड येते तिथे.’

मी घाबरत होते ते एवढ्याशा उत्तराला. त्यानंतरचं बोलणं मात्र माझंच मला आवडलं नाही. मी लगेच म्हटलं, ‘किंवा असं करू, नवा मुलांना, जुना मला चालेल.’ शिळी पोळी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचा हात इथेही पुढे झाला होता. ह्याला मी त्याग म्हणत आले. पण तो केल्यावर मनात एक हिशोब चालू राहतो, मी किती सोडलं ह्याचा, आणि तो हिशोब कधीतरी मुलांपुढे मांडला जातो. असा त्याग मला आता नको आहे.

घ्यायचं ठरल्यावर दोन प्रश्न आले, आणि दोन्ही सचोटीचे होते. असेंबल्ड घेतला तर ‘विंडोज आणि ऑफिस आम्ही टाकून देतो’ असं सांगितलं जातं. ते बहुतेक वेळा बिनपरवान्याचं असतं, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. लिहिणाऱ्या बाईने ते घ्यावं? माझा लेख कोणी नाव काढून छापला तर मी तडफडेन. दुसऱ्याने लिहिलेलं मात्र फुकट घ्यायला मला काही वाटू नये? परवान्याचे पैसे द्यायचे, नाहीतर लिनक्स आणि लिबरऑफिस वापरायचं. दोन्हींत मराठी उत्तम चालतं आणि दोन्ही हक्काने फुकट आहेत. तिसरी वाट मला बंद आहे. दुसरा प्रश्न बिलाचा. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. ४० हजारांच्या मालावर ७,२०० रुपये. बिल नको म्हटलं तर ते वाचतील, असं सुचवलं जातं. बिलाशिवाय वॉरंटी नाही, म्हणून मी नाही म्हणाले. पण वॉरंटीचा प्रश्न नसता तर म्हणाले असते का? होय म्हणायला मला जितका वेळ लागला, तितका लागायला नको होता.

आता जुन्या संगणकाचं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट थांबली. आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे चालता संगणक कागदावर निकामी. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी अकरावीला आहे, घरात एकच फोन आहे आणि तो तिचे वडील कामावर नेतात. मला वाटलं, तो तिला द्यावा. मनात गोड वाटलंसुद्धा. मग विचार आला, की जो मी स्वतः वापरायला तयार नाही, तो तिला देताना मला कसलं समाधान वाटतंय? २०२०च्या पावसाळ्यात शेजारच्या सिंधुदुर्गात एका मुलीला ऑनलाइन वर्गांसाठी नेटवर्क मिळावं म्हणून तिच्या भावांनी डोंगरावर खोपी उभी केली होती. शिकणाऱ्या मुलाला काय लागतं हे आपल्याला तेव्हा कळलं होतं. अशा मुलीच्या दारात आपली अडगळ नेऊन ठेवायची नाही.

म्हणून ठरवलं आहे, की त्यात माझ्या पैशांनी एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम घालायची, माझं सगळं पुसून लिनक्स बसवायचं आणि पंधरा दिवस मीच त्यावर काम करायचं. मला अडलं नाही तर ताईंना विचारायचं, तेही मुलीसमोर नाही, म्हणजे त्यांना नको म्हणायला मोकळीक राहील. अडलं तर तो ई-कचऱ्यात जाईल आणि त्या मुलीसाठी गटातून कर्ज काढून दुसरा घ्यायचा का, हे बैठकीत मांडेन.