रात्री मोजून बघ

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी २०२६

चि. बाळ,

परवा तुझा फोन ठेवल्यापासून मनात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो. छोटीच्या खर्चाचे पैसे तू दरमहा न चुकता देतोस, तिचा विमाही तुझ्याच पगारातून कापला जातो आणि घटस्फोटाच्या निकालपत्रात विषम सालांची करसवलत तुझी, असं स्पष्ट लिहिलंय. मग २०२५च्या टॅक्स रिटर्नमध्ये तिचं नाव तू टाकावंस का? नुसत्या निकालपत्राच्या भरवशावर टाकू नकोस.

पैसे कोण देतो यावर इथे ताबा ठरत नाही. वर्षातल्या जास्त रात्री मूल ज्याच्याकडे झोपलं, त्याच्याकडे ताबा, असं आयआरएस, म्हणजे इथलं करखातं, धरतं. रात्री समसमान निघाल्या तर ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्याकडे. तू कॅलेंडर घेऊनच बस. एकाआड एक शुक्रवार-शनिवारच्या साधारण ५२ रात्री, उन्हाळ्याच्या पाच आठवड्यांच्या ३५. शंभरसुद्धा भरत नाहीत. डिसेंबरात ती पुण्याला आजीकडे होती, त्या रात्रीसुद्धा एरवी ती ज्याच्याकडे असती त्याच्याच हिशोबात जातात.

तरीही तुला वाट आहे. फॉर्म ८३३२. त्यावर तिच्या आईने '२०२५पुरता मी हक्क सोडते' म्हणून सही करायची आणि तो तू रिटर्नला जोडायचास. २००८नंतरच्या निकालपत्राची पानं या फॉर्मऐवजी चालत नाहीत. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बापाने तीन वर्षं निकालपत्रच जोडलं होतं. नोटीस आली तेव्हा तिन्ही वर्षांची सवलत त्याला व्याजासकट परत करावी लागली. पोरीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पैशाला हात लावताना त्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

सही मिळाली तर २०२५साठी २,२०० डॉलरपर्यंतचा चाइल्ड टॅक्स क्रेडिट तुला मिळेल. हेड ऑफ हाउसहोल्डचा दर्जा आणि पाळणाघराच्या खर्चाची सवलत मात्र तिच्या आईकडेच राहते, सही केली तरीही. हे तिला आधी सांग. सही केली की सगळंच हातचं जाईल, या भीतीने कितीतरी आया अडून बसतात, आणि त्यांची भीती मला चुकीची वाटत नाही. एकटीने घर चालवणाऱ्या बाईला प्रत्येक डॉलर मोजावा लागतो. म्हणून फॉर्मचा पहिला भागच भरून घे, एका वर्षापुरता. पुढच्या सगळ्या वर्षांचा दुसरा भाग तिच्यापुढे सरकवू नकोस. सही दर विषम सालासाठी नव्याने माग.

तिने नाहीच म्हटलं, तर ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टात वकिलामार्फत जा. रागाच्या भरात रिटर्नमध्ये नाव घुसडू नकोस. दोघांनीही नाव टाकलं की पत्रं दोघांच्या घरी येतात, आणि आठ वर्षांची पोर ती पत्रं वाचू शकते.

रिटर्न भरायच्या १५ एप्रिलच्या मुदतीला अजून वेळ आहे. सोबत कोरा फॉर्म पाठवतोय, एकाच पानाचा आहे. शुक्रवारी छोटीला आणायला जाशील तेव्हा तो स्वतः तिच्या आईच्या हातात दे. पोरीच्या दप्तरात घालून पाठवू नकोस.

तुझा,
मामा