अंत्युखियातला पेत्र

नम्रता शिकवायची ती धाकट्यांना, असा आपल्या मंडळ्यांतला रिवाज आहे. तरुण संघातली मुले, घरात आलेली सून, नव्याने बाप्तिस्मा घेतलेला माणूस, यांना बोध मुकाट ऐकून घेण्याची वचने पाठ करायला मिळतात. पाळकांनी आणि बिशपांनी कुणाचा बोध ऐकावा, यावर उपदेश क्वचितच कानी पडतो. मला हे शास्त्राच्या उलट वाटते. नव्या करारातल्या एका प्रसंगात भर मंडळीत खरडपट्टी निघाली ती कुणा नवशिष्याची नाही, खुद्द पेत्राची.

पौलाने हा प्रसंग गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितला आहे. सीरियातल्या अंत्युखियात यहूदी आणि यहूदीतर विश्वासणारे एका पंगतीला जेवत. पेत्रही त्यांच्यात बसे. मग यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली आणि पेत्र त्या पंगतीतून अंग काढून घेऊ लागला. त्याने कुठला नवा सिद्धान्त मांडला नाही; फक्त जेवायची जागा बदलली. त्याच्यामागे बाकीचे यहूदी गेले, बर्णबासुद्धा गेला. कोण कुणाबरोबर जेवतो या प्रश्नाची धग महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. बाप्तिस्म्यानंतरही सोयरीक जुळवताना जुनी जात विचारणारी घरे आपल्यात आहेत. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला. भावाची चूक आधी एकांतात सांगावी, असे येशूने शिकवले आहे खरे. पण इथे ज्यांना पंगतीतून वगळले ते समोर उभे होते. चारचौघांत झालेल्या अपमानाची भरपाई बंद दाराआड कशी होणार?

पेत्राने काय उत्तर दिले, ते पौल सांगत नाही. याच प्रसंगावरून सुमारे साडेतीनशे वर्षांनी ख्रिस्ती जगातल्या दोन थोर पंडितांत वाद जुंपला. बेथलेहेमात राहणाऱ्या संत जेरोमने गलतीकरांच्या पत्रावर भाष्य लिहिताना म्हटले होते की पेत्र खरा चुकलाच नव्हता. लोकांना धडा मिळावा म्हणून दोन्ही प्रेषितांनी तो देखावा केला. आफ्रिकेतल्या हिप्पोच्या संत ऑगस्टीनला हे पटेना. शास्त्रात एक सोयीचे खोटे मान्य केले तर उरलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्याचा सवाल. त्याने जेरोमला पत्र लिहिले. पण ते जेरोमच्या हाती पडण्याआधी रोममध्ये इतरांच्या वाचनात आले. जेरोम दुखावला. वयाने आणि विद्वत्तेने तो वडील होता. म्हाताऱ्याला आखाड्यात ओढू नकोस, अशा अर्थाचे त्याने सुनावले.

ऑगस्टीनने त्याची माफी मागितली, मुद्दा मात्र सोडला नाही. इसवी सन ४०५ च्या सुमारास त्याने जेरोमला जे दीर्घ उत्तर पाठवले, त्यातला एक विचार मला या साऱ्या वादाचे सार वाटतो. सत्यासाठी मोठ्यांना निर्भयपणे बोलण्याचा कित्ता पौलाने घालून दिला, पण मागून आलेल्याकडून चूक ऐकून घेण्याचा पेत्राचा कित्ता त्याहून दुर्मीळ आणि अधिक पवित्र आहे, असे ऑगस्टीन म्हणतो. मग तो हे स्वतःलाही लावतो: बिशप म्हणून पदाने आपण मोठे असलो तरी अनेक बाबतींत जेरोमहून लहान आहोत. पुढे ४१५ साली पेलाजियसच्या मताविरुद्ध लिहिताना जेरोमने पेत्राची चूक खरी धरली, आणि ऑगस्टीनने ते आनंदाने नोंदवले. त्यानंतर दहाबारा वर्षांनी, सत्तरी ओलांडलेल्या ऑगस्टीनने आपलेच ९३ ग्रंथ पुन्हा वाचायला घेतले आणि त्यांतल्या चुका एका स्वतंत्र ग्रंथात लिहून ठेवल्या. त्याच्या शब्दाला आव्हान देणारे फार थोडे उरले असताना त्याने हे केले, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

मात्र प्रत्येक कानउघाडणी देवाकडची नसते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक माता झाल्या. रमाबाईंचा शाकाहार, त्रैक्याविषयीच्या शंका, क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत हा हट्ट, यांत जेराल्डिनबाईंना अहंकार दिसला. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असे रमाबाईंनी त्यांना कळवले. जेराल्डिनबाईंची माया खोटी नव्हती. हा पत्रव्यवहार त्यांनीच जपला, म्हणून तो आज आपल्याला वाचता येतो. तरी त्या वादात मी रमाबाईंच्या बाजूने आहे. पौलाच्या शब्दांनी वगळलेल्यांना पंगतीत परत जागा मागितली. जेराल्डिनबाईंच्या शब्दांनी संस्थेचा अधिकार राखला. बोध कुणाच्या कामी येतो, हे तपासण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे, आणि त्याने नम्रतेला बाधा येत नाही.

याच रमाबाईंनी १९०७ साली छापलेल्या साक्षीत सांगितले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले, धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्याला निमित्त झाले. हे छापले तेव्हा त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनची कीर्ती परदेशापर्यंत पोहोचली होती. जोखड नाकारणारी बाई आणि ही कबुली देणारी बाई एकच आहे, हे विसरून रमाबाईंना समजून घेता येणार नाही.

म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वार्षिक सभेत हिशेबाबद्दल विचारायला एखादा तरुण उभा राहिला, तर त्याला खाली बसवू नका. उपदेशातली चूक दाखवायला एखादी बहीण आली, तर तिला नवऱ्याला पाठवायला सांगू नका. तिचे म्हणणे पूर्ण ऐका, आणि ते खरे असेल तर पुढच्या रविवारी, उपासनेत, सर्वांसमोर तसे सांगा.